लक्षाची राखण

प्रस्तावना

छंद एकट्याचा असला तरी तो शिकावा लागतो चारचौघांत. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला, तर तो पिठ्या ढेकूण आहे हे नव्या बागवाल्याला कुणीतरी सांगावे लागते. वायरीवर बसलेला खाटीक पक्षी नेमका कोणत्या जातीचा, हे ठरवायला दुसऱ्याची नजर लागते. जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह कुठे मिळतो, शिवराईवरची अक्षरे कशी वाचायची, मत्स्यटाकीचे पाणी अचानक गढूळ का होते, अमुक किल्ल्याची वाट पावसाळ्यात बंद असते का, असे प्रश्न पूर्वी मंडळाच्या बैठकीत किंवा रविवारच्या भटकंतीत सुटत. आज त्यांतले बहुतेक ऑनलाइन गटांत सुटतात. तिथे उत्तरे देणाऱ्याला कुणी पगार देत नाही. चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घेतो आणि कधीही न भेटलेल्या मुलाला चेन का निसटते ते समजावून सांगतो. आपल्या काळातले सार्वजनिक शिक्षण फार मोठ्या प्रमाणावर असे, अशा जागी चालले आहे.

स्पॅम येतो तो याच जागी, आणि त्यामागे हिशेब असतो. रस्त्यावरच्या फलकावर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आपल्याच छंदातल्या माणसाने ‘मी हे वापरतो’ म्हटले, तर त्यावर लगेच विश्वास बसतो. स्पॅम करणाऱ्याला हवा असतो हा साठलेला विश्वास, आणि तो त्याला फुकटात हवा असतो.

हे पुस्तक अशा गटांची राखण करणाऱ्यांसाठी आहे. त्यांना कुणी अ‍ॅडमिन म्हणते, कुणी मॉडरेटर, कुणी संचालक. नाव कोणतेही असो, त्यांचा दिवस नको असलेल्या पोस्टी उडवण्याने सुरू होतो आणि बहुतेकदा संपतोही तसाच. पुस्तकाचा विषय स्पॅम असला तरी त्यातली खरी काळजी नवख्या माणसाची आहे. स्पॅम हटवणे कष्टाचे असले तरी जमते. तो हटवताना नव्याने आलेला, अजून गटाची भाषा न शिकलेला माणूस हटू न देणे हे त्याहून अवघड आहे. या क्षेत्राचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

एक प्रसंग जवळून पाहू. गच्चीबागेच्या गटात कुणीतरी फोटो टाकून विचारते, ‘जास्वंदीला हे काय झालंय?’ तासाभरात दोन उत्तरे येतात. पहिले येते सहा महिने जुन्या खात्यावरून. त्या खात्याने आजवर ‘छान’, ‘सुंदर बाग’, ‘माहितीबद्दल धन्यवाद’ एवढेच लिहिलेले आहे. आता ते म्हणते, ‘मलाही हाच त्रास होता. हे लिक्विड मारलं, आठवड्यात सगळं साफ.’ खाली लिंक. पाठोपाठ त्याला दुजोरा देणारे आणखी एक खाते, ‘मी पण मागवलं, मस्त रिझल्ट आहे.’ दुसरे उत्तर कालच सामील झालेल्या एका बाईंचे. ‘कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी फवारून बघा. मी या व्हिडिओत बघून केलं होतं.’ त्यांनीही लिंक दिलेली आहे. आता गटात ‘नव्या सदस्याने लिंक टाकली की पोस्ट आपोआप उडवायची’ असा नियम लावलेला असेल, तर काय होईल? सहा महिने दबा धरून बसलेले खाते सहीसलामत सुटते आणि बाईंचे उत्तर जाते. त्यांना कुणी काही कळवत नाही. आपलेच काही चुकले असे समजून त्या पुन्हा लिहीत नाहीत. यंत्राच्या नोंदीत मात्र ‘एक स्पॅम रोखला’ असे जमा होते.

म्हणून कशाला स्पॅम म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. छंदगटांत त्याची रूपे अनेक आहेत. सरळ जाहिरात हे सर्वांत साधे. वर दाखवलेला ठरवून केलेला संवाद त्याहून घातक. फेसबुकवरच्या गटांत टी-शर्टचा प्रकार जुना आहे. एक खाते गटाच्या छंदाचे चित्र छापलेल्या टी-शर्टचा फोटो टाकते, दुसरे ‘कुठे मिळाला?’ म्हणून विचारते आणि तिसरे लिंक देते. स्थानिक गटांत हरवलेल्या कुत्र्याची हळहळ लावणारी पोस्ट येते, लोक ती शेकड्यांनी शेअर करतात आणि नंतर तोच मजकूर बदलून तिथे घरभाड्याची फसवी जाहिरात लावली जाते. कॅमेऱ्यांच्या गटात जुन्या, नावाजलेल्या सदस्याचे खाते कुणीतरी बळकावते आणि ‘लेन्स स्वस्तात काढतोय’ असे सांगून आगाऊ पैसे मागते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. ती उघडून इन्स्टॉल करणाऱ्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो.

या यादीत काय नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. दहा वेळा विचारून झालेला प्रश्न अकराव्यांदा विचारणे हा स्पॅम नव्हे. सकाळच्या शुभेच्छा कंटाळवाण्या असतील, गटाच्या नियमाविरुद्धही असतील, पण त्या पाठवणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. घरी तयार केलेली रोपे विकू पाहणाऱ्या सदस्याला ‘विक्री फक्त रविवारी’ असे सांगता येते. आणि मतभेद हा तर स्पॅम कधीच नव्हे. नावडत्या माणसाला गप्प करायला हे लेबल फार सोयीचे पडते, म्हणून ते जपून लावावे लागते.

हा प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी इंटरनेटचे आधीचे रूप असलेल्या आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकगठ्ठा पाठवले. लोक चिडले, प्रशासकांनी समज दिली, प्रकरण मिटले. छंदगटांची खरी कहाणी सुरू होते ती युजनेटपासून. १९७९मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली आणि पाहता पाहता बागकाम, पक्षीनिरीक्षण, संगीत, रेल्वे, स्वयंपाक अशा विषयांवरचे हजारो गट तिथे उभे राहिले. ही जागा कुणाच्याही मालकीची नव्हती. ती रीतीभातींवर आणि एकमेकांच्या भिडेवर चालत होती.

ही भीड तुटली १९९४मध्ये. जानेवारीत जवळजवळ प्रत्येक गटात येशूच्या पुनरागमनाची वार्ता देणारा एकच संदेश येऊन पडला. १२ एप्रिलला अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक गटांत टाकली. एकच संदेश अनेक गटांना जोडून पाठवण्याची सोय होती, पण त्यांनी प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली. त्यामुळे जो वाचक ज्या गटात जाई, तिथे त्याला ती नव्याने दिसे. तक्रारींच्या लोंढ्याखाली त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे सर्व्हर कोलमडले. दोघांनी माफी तर मागितली नाहीच, उलट अशाच जाहिरातीतून पैसा कसा कमवावा यावर पुस्तक लिहिले. त्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांना कळली. संदेश पाठवणाऱ्याला खर्च जवळजवळ शून्य असतो आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला तो थोडा थोडा भरावा लागतो. हा विषम हिशेब आजही बदललेला नाही.

यातून उपायांचे जे विचारप्रवाह निघाले, त्यांची ओळख नवख्या वाचकाला असावी म्हणून ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रवाह सफाईचा. आलेले काढून टाका, लवकर काढा. ग्रीन कार्डच्या जाहिराती रद्द करण्यासाठी नॉर्वेतल्या आर्न्ट गुलब्रान्सेन या प्रोग्रामरने आपोआप चालणारा प्रोग्राम लिहिला. मग प्रश्न आला की दुसऱ्याचा संदेश रद्द करण्याचा अधिकार कुणाला आणि केव्हा? युजनेटकरांनी शोधलेले उत्तर मला आजही थक्क करते. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक असा मोजत. संदेशाची प्रत्येक प्रत किती गटांत गेली त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. पंचेचाळीस दिवसांत ती २० झाली की तो संदेश रद्द करायला हरकत नाही. एकाच गटात जाणाऱ्या वेगवेगळ्या वीस प्रती टाकल्या तर बेरीज २०. एकच प्रत चारशे गटांना जोडून टाकली तरी वर्गमूळ २०च. म्हणजे वाचकाला वारंवार छळणाऱ्याला कडक माप आणि एकदाच सगळ्यांना सांगणाऱ्याला सैल. या मोजणीत मजकूर काय आहे याला काडीची किंमत नव्हती. धर्मप्रचार असो की वॉशिंग पावडर, पाहायची ती वागणूक. मत आणि स्पॅम यांची गल्लत टाळण्याचा इतका स्वच्छ मार्ग नंतर क्वचितच कुणाला सापडला.

सफाईचा धोकाही युजनेटने आधीच दाखवून दिला होता. ३१ मार्च १९९३ रोजी एका कार्यकर्त्याने नकोसे संदेश हटवण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम चुकला. तो स्वतःच्याच संदेशांना उत्तरे देत सुटला आणि ज्या गटात नियमांची चर्चा चाले, तिथेच त्याचे सुमारे दोनशे संदेश जाऊन पडले. माणूस बाजूला ठेवून राखण यंत्राच्या हवाली केली की काय होते, याचे हे एक सुरुवातीचे उदाहरण.

दुसरा प्रवाह दाराचा. आत येतानाच पारख करा. १९९७च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या चमूने वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावून यंत्र आणि माणूस वेगळे काढले. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी या कॅप्चाचे शास्त्र बांधले. काही वर्षांतच ते कोडे मजुरीवर सोडवून देणारा बाजार उभा राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१०मध्ये दाखवले की हजार कोडी सोडवण्याचा दर एका डॉलरच्या आसपास आणि त्याखालीही गेला आहे. या मजुरांत भारतातली माणसेही होती. अलीकडे म्यानमार आणि कंबोडियातल्या फसवणूक-केंद्रांत डांबलेल्या भारतीय तरुणांना सोडवून आणावे लागले. स्पॅमच्या टोकाला प्रत्येक वेळी लबाड माणूसच बसलेला असतो असे नाही, बळीही असतो. हे विसरून केलेली राखण लवकर क्रूर होते.

छोट्या गटांना दाराची एक साधी युक्ती चांगली लाभली. त्यांनी छंदाचाच प्रश्न विचारला. पक्ष्यांच्या गटात ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?’ आणि उत्तर हरियाल. परदेशातून हजारो ठिकाणी नोंदणी करत सुटलेला प्रोग्राम इथे अडतो. पण पक्षी शिकायचे म्हणूनच आलेली शाळकरी मुलगीही अडू शकते. दार बांधणाऱ्याने आधी तिचा विचार करावा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

तिसरा प्रवाह किमतीचा. पाठवणाऱ्यालाही थोडा खर्च पडू द्या, किंवा त्याचा फायदा काढून घ्या. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२मध्ये सुचवले की प्रत्येक ईमेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक छोटे गणित सोडवावे. एक पत्र पाठवणाऱ्याला ते जाणवणार नाही, लाखो पाठवणाऱ्याला परवडणार नाही. अ‍ॅडम बॅक यांनी १९९७मध्ये स्वतंत्रपणे अशाच कल्पनेवर हॅशकॅश रचले आणि तीच कल्पना पुढे बिटकॉइनच्या पायात गेली. फायदा काढून घेण्याचे ठळक उदाहरण २००५चे. गूगलचा क्रम लिंकांच्या संख्येवर ठरू लागल्यावर जगभरच्या चर्चामंडळांत लिंका पेरण्याचा धंदा सुरू झाला होता. काही प्रोग्राम हे काम आपोआप करत. जानेवारी २००५मध्ये शोधयंत्र कंपन्यांनी ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेली लिंक क्रमवारीत मोजली जाणार नव्हती. स्पॅम त्याने थांबला नाही, पण एक धडा कायमचा मिळाला. गटात काय पेरले जाते हे गटाबाहेर कशाला भाव आहे त्यावर ठरते.

चौथा प्रवाह गणिताचा. कोणते शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतात आणि खऱ्या पत्रांत किती, यावरून शक्यता मोजायची. १९९८मध्ये मेहरान सहामी आणि सहकाऱ्यांनी ही वाट दाखवली आणि ऑगस्ट २००२मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ती घरोघर पोचवली. ग्रॅहम यांचा एक मुद्दा पुष्कळांनी दुर्लक्षिला. एखादा स्पॅम सुटणे ही त्यांच्या मते छोटी चूक, पण खरे पत्र स्पॅम म्हणून टाकले जाणे ही फार मोठी. म्हणून त्यांनी आपल्या गणितात खऱ्या पत्राच्या बाजूला मुद्दाम जास्त वजन दिले. गटांवर लावलेल्या गाळण्यांत ही काळजी पातळ झाली. शब्द पाहून अडवणाऱ्या यंत्राला संदर्भ कळत नाही. १९९६मध्ये अमेरिका ऑनलाइनच्या गाळणीने इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात एक अपशब्द दडलेला होता. मत्स्यपालनाच्या गटात प्रजनन, औषधे आणि विक्री हे रोजचेच विषय आहेत. सर्वसाधारण गाळणीला तेच शब्द संशयास्पद वाटतात.

पाचवा प्रवाह मंडळाचा, आणि मी त्याच बाजूचा आहे. लक्ष ही गटाची सामायिक मालमत्ता आहे. सामायिक मालमत्ता टिकते ती वापरणाऱ्यांनीच बांधलेल्या नियमांवर. १९९०च्या आपल्या ग्रंथात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, जंगले, मासेमारी आणि कालवे सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास करून हे दाखवले. २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत हेच शतकानुशतके चालत आले. बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांचे, पाळी ठरलेली, पाटकरी आणि जागले लाभधारकांनीच नेमलेले, आणि नियम मोडणाऱ्याला लगेच जमिनीतून उठवण्याऐवजी आधी समज आणि मग दंड. ऑस्ट्रॉम यांनी हाच चढत्या शिक्षेचा नियम टिकाऊ व्यवस्थांच्या लक्षणांत मोजला. राखणदार गटातलाच असावा, नियम करण्यात सगळ्यांचा हात असावा, चूक सुधारण्याची वाट स्वस्त आणि जवळची असावी. ऑनलाइन गटांना यातली प्रत्येक गोष्ट लागू पडते.

या विचाराचे यांत्रिक रूपही आले. स्लॅशडॉट या चर्चास्थळाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाचकांनाच गुण देण्याचा अधिकार दिला आणि त्या गुण देणाऱ्यांवरही नजर ठेवणारे दुसरे वाचक नेमले. २०१३च्या डिस्कोर्स या चर्चा-प्रणालीने विश्वासाच्या पायऱ्या बांधल्या. नव्या सदस्याला लिंका आणि चित्रे थोडीच टाकता येतात. तो वाचत गेला, लिहीत गेला की बंधने आपोआप सुटतात. रेडिटवरचा ऑटोमॉडरेटर हा आधी एका सदस्याने स्वतःच्या उत्साहाने लिहिलेला प्रोग्राम होता, कंपनीने तो नंतर आपला केला. भारतात २००४पासून चालणाऱ्या टीम-बीएचपी या मोटारप्रेमींच्या मंडळात सदस्यत्वाचा अर्ज आजही माणूस वाचतो. त्याला वेळ लागतो. पण ज्याला प्रवेश मिळतो, त्याचे शब्द तिथे वाचले जातात.

सहावा प्रवाह कायद्याचा. छंदगटांना त्याचा उपयोग मर्यादित, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३चा आणि तो मुख्यतः व्यापारी ईमेलपुरता. भारतात दूरसंचार नियामकाचे २०१०चे आणि २०१८चे नियम नको असलेले कॉल आणि एसएमएस यांच्यापुरते आहेत. गटातल्या पेरलेल्या संवादाला हात लावणारा कायदा नाही, आणि कदाचित नसावाही. पण अ‍ॅडमिनला दिलासा देणारा एक निर्णय आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. भीतीपोटी गट बंद करू पाहणाऱ्या अनेकांनी हे माहीत करून घ्यायला हवे.

मराठी छंदगटांची स्थिती थोडी वेगळी आहे. १९९६मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू झाले, २००७मध्ये मिसळपाव. पाककृतींपासून भटकंतीपर्यंत सगळे तिथे लिहिले गेले आणि आजही शोधून वाचता येते. पुढे गर्दी व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि टेलिग्रामकडे वळली. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश २०१६पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही वाचता येत नाहीत. खासगीपणासाठी ही व्यवस्था योग्यच आहे, पण मजकूर तपासणारी मध्यवर्ती गाळणी तिथे बसू शकत नाही. सगळा भार अ‍ॅडमिनवर येतो. २०२२मध्ये गटाची मर्यादा १०२४ सदस्यांपर्यंत वाढली आणि त्याच वर्षी अ‍ॅडमिनला सर्वांसाठी संदेश डिलीट करण्याचा अधिकारही आला. पण ज्याचे जुने संदेश नजरेसमोर नाहीत, अशा सदस्याची वागणूक तपासायची तरी कशी? अनेक गट वैतागून ‘फक्त अ‍ॅडमिन’ हा पर्याय लावतात. स्पॅम त्याच क्षणी थांबतो, आणि गटही. उरतो तो सूचनाफलक.

आपल्या काही अडचणी भाषेच्या आहेत. बहुतेक गाळण्या इंग्रजी मजकुरावर घडलेल्या आहेत. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी, मधूनच देवनागरी, मधूनच इंग्रजी असा आपला रोजचा मजकूर त्यांना नीट कळत नाही. आपले बळ मात्र भूगोलात आहे. मराठी छंदगटांत पुण्या-नाशिकचे सदस्य असतात तसे न्यू जर्सी आणि लंडनचेही असतात. इथे रात्र होते तेव्हा तिथे कुणीतरी जागे असते. दोन-तीन देशांत वाटलेला अ‍ॅडमिन-मंडळाचा पहारा मध्यरात्री येणारा स्पॅम मिनिटांत काढू शकतो. ही सोय विकत घ्यावी लागत नाही, फक्त ठरवावी लागते.

हे पुस्तक आताच का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि पुढच्याच महिन्यात प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरे टाकण्यावर बंदी घातली. वाचायला गुळगुळीत पण चुकीची असलेली उत्तरे तपासायला माणसे पुरेनात. २०२३मध्ये रानातली अळंबी ओळखण्याची यंत्राने लिहिलेली पुस्तके अ‍ॅमेझॉनवर विकली जाऊ लागली आणि न्यूयॉर्कच्या कवकप्रेमी मंडळाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. नोव्हेंबर २०२४मध्ये फेसबुकवरच्या सुमारे तेरा हजार सदस्यांच्या एका अमेरिकी अळंबीगटात मेटाच्या सुविधेतून ‘फंगीफ्रेंड’ नावाचा बॉट न बोलावता येऊन बसला. आर्सेनिक साठवणारी एक अळंबी कशी शिजवावी असे विचारल्यावर त्याने पाककृती सांगितली. गटाच्या अ‍ॅडमिनने त्याला काढले. जाहिरात चुकली तर पैसे जातात, इथे जीव गेला असता. नवखा माणूस हेच विचारायला तिथे येतो. तो चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवणार, कारण तोवर त्या गटातली प्रत्येक गोष्ट विश्वासाला पात्र ठरलेली असते.

दुसरे कारण बाजाराचे. २००५च्या आधी लिंकला भाव होता, आज शिफारशीला आहे. शोधयंत्रे आणि यंत्रसंवादक आपली उत्तरे माणसांच्या गप्पांतून उचलतात. फेब्रुवारी २०२४मध्ये गूगलने रेडिटचा मजकूर वापरण्याचा करारच केला. छंदगटात ‘हाच पंप घ्या’ असे एकदा पेरले की ते उद्या हजारो उत्तरांत उगवू शकते. म्हणजे आपल्या छोट्या गटाची राखण आता गटापुरती उरलेली नाही. ती ढिली पडली तर गटाबाहेरच्या माणसालाही खोटे सांगितले जाणार आहे.

तिसरे कारण थकव्याचे. ही राखण करणारे जवळजवळ सगळे बिनपगारी आहेत. जून २०२३मध्ये रेडिटवरचे हजारो गट निषेध म्हणून काही काळ बंद राहिले. कंपनीने लावलेल्या नव्या दरांमुळे अ‍ॅडमिन ज्या बाहेरच्या साधनांवर काम रेटत होते, ती हातची जाणार, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मराठी गटांत असा निषेध होत नाही. अ‍ॅडमिन एका सकाळी गट सोडून जातो, मग गटात आठवडाभर ट्रेडिंगच्या टिप्स येत राहतात, जाणती माणसे एकेक करून निघून जातात आणि दहा वर्षांचे ज्ञान कुणाच्याही ध्यानात न येता हरवते.

या पार्श्वभूमीवर या पुस्तकाने हाती घेतलेले काम दुहेरी आहे. एकीकडे ते कारागिरी शिकवते. प्रवेशाचे प्रश्न कसे रचावेत, पहिली पोस्ट कधी तपासावी, कोणते काम यंत्राकडे द्यावे, नोंदवही कशी ठेवावी, बळकावलेले खाते कसे ओळखावे, पोलिसांच्या सायबर विभागाकडे केव्हा जावे, हे सगळे चालू गटांच्या अनुभवातून आले आहे. दुसरीकडे ते प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारते, याने नवख्याचे काय होईल? काही उपाय या कसोटीवर उत्तम उतरतात. पोस्ट उडवताना दोन ओळींचे कारण देणे, चुकून उडवलेली परत आणणे, पहिल्या आठवड्यात नव्या सदस्याला एका जुन्या सदस्याशी जोडून देणे, यांना पैसा लागत नाही. काही लोकप्रिय उपाय मात्र नापास होतात. सदस्याला न कळवता त्याचे लिखाण इतरांपासून लपवण्याची पद्धत त्यांतली एक. स्पॅम करणाऱ्यावर ती चालते हे खरे, पण खऱ्या माणसावर चुकून लागली तर तो महिनोन्‌महिने भिंतीशी बोलत राहतो.

वाचकांना एक सुचवतो. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका. आपल्या गटाच्या आकाराला आणि स्वभावाला लागू असेल ते घ्या. पन्नास जणांच्या फाउंटन पेन मंडळाला पन्नास हजारांच्या भटकंती गटाचे नियम लावले, तर ते गुदमरेल. नियम ठरवताना सदस्यांना विचारा, कारण आपण घातलेला नियम माणूस मनापासून पाळतो. आणि ज्यांना अ‍ॅडमिन व्हायचेच नाही, त्यांनीही हे वाचावे. संशयास्पद पोस्ट दिसली की खाली भांडत न बसता रिपोर्ट करणे, नव्या माणसाच्या साध्या प्रश्नाला ‘आधी सर्च कर’ न म्हणता उत्तर देणे, हेही राखणीचेच काम आहे, आणि ते अ‍ॅडमिन एकट्याने करू शकत नाही.

गटांच्या वार्षिक आढाव्यात किती स्पॅम रोखला याचा आकडा अभिमानाने दिला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहायला लागावे अशी माझी विनंती आहे. या वर्षी ज्यांनी पहिल्यांदा लिहिले, त्यांच्यापैकी किती जणांनी दुसऱ्यांदा लिहिले? पहिला आकडा यंत्र वाढवू शकते. दुसरा वाढवायला माणसेच लागतात, आणि गट पुढच्या पिढीला मिळणार की नाही हे त्यावर ठरते. त्या माणसांच्या हाती हे पुस्तक देताना मला मनापासून आनंद होतो.